कोळंबीविरुद्ध एकशे चौऱ्याऐंशी तक्रारी

ठाकुर्ली पूर्वेच्या गावदेवी दर्शन सोसायटीला प्रफुल्ल भोईरच्या दोन गोष्टींचा वीट आला होता. एक त्याची मांजर आणि दुसरं त्याचं मुक्त सॉफ्टवेअर. मांजर निदान गप्प बसायची. प्रफुल्ल बसायचा नाही. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टला बावीस सेकंद लागतात. तेवढ्यात तो शेजाऱ्याला सांगून मोकळा व्हायचा, की तुमच्या फोनमधलं काहीही तुमचं नाही, ते कंपनीचं आहे, आणि जे उघडून आत बघता येत नाही त्याला आपलं म्हणू नये. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जायचे. डॉक्टरांनी दहादा सांगून जे चढत नव्हते ते प्रफुल्लमुळे जिने चढायला लागले. या समाजकार्याची दखल कुणी घेतली नाही, ते सोडा.

मांजरीचं नाव कोळंबी. रंग तसाच आणि झोपली की अंगाचा आकडाही तसाच. आठ वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली होती. प्रफुल्ल दोन दिवस बाहेरगावी गेला तर ही बया अन्नाला तोंड लावायची नाही, म्हणून तो बाहेरगावी जायचाच बंद झाला होता. प्रफुल्ल आणि कल्पिताला मूल नाही. त्याबद्दल सोसायटीत कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, तेवढी माणुसकी लोकांत आहे. कोळंबीबद्दल मात्र सगळे बोलायचे. तिला घंटा बांधा. तिला कोंडून ठेवा. दूध बंद करा. दूध वाढवा. प्रफुल्लला कोंडणं मान्य नव्हतं. सॉफ्टवेअर असो की मांजर, बंद दाराआड ठेवायचं नाही हा त्याचा बाणा होता, आणि स्वयंपाकघराची खिडकी बारा महिने उघडी असायची.

तर मूळ भानगड तक्रारवहीची. वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही होती. तिच्यात लिहिलेली तक्रार महिनाभर टिकायची आणि मग पानासकट नाहीशी व्हायची. प्रफुल्लने गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल तीनदा लिहिलं आणि तिन्ही पानं गेली. तिसरं पान त्याला सापडलं, पण त्यात वॉचमनचे शेंगदाणे होते. सेक्रेटरी महिपतराव कर्णिक म्हणाले, "हवेने उडाली असतील." महिपतराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळलेली, त्यामुळे कुठला कागद हवेने उडतो आणि कुठला उडत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार.

वार्षिक सभेत प्रफुल्ल उभा राहिला. "वही बंद करा. मी तक्रारींसाठी सॉफ्टवेअर करून देतो. मुक्त."

"फुकट?" महिपतरावांनी विचारलं.

"फुकट नाही, मुक्त. म्हणजे फुकटही आहे, पण मुद्दा तो नाही."

मग चाळीस मिनिटं त्याने फरक समजावला. साहेबाच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, म्हणून तिकडचे लोक गोंधळतात. आपल्या भाषेत दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, तरी बत्तीस माणसांपैकी एकतीस 'फुकट' एवढंच ऐकून घरी गेली. बत्तिसावी कल्पिता, तिला सगळं पाठ होतं.

पण त्याच सभेत त्याने तीन ठराव मंजूर करून घेतले, आणि ते नीट लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे त्याने आपल्याच हाताने खणलेले हे तीन खड्डे आहेत. पहिला, तक्रार करणाऱ्याचं नाव कुणालाही कळणार नाही, खुद्द प्रफुल्ललाही नाही. दुसरा, एकदा केलेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही. तिसरा, एखाद्या विषयावर शंभराच्या वर तक्रारी गेल्या तर कमिटीला आवडो न आवडो, विशेष सभा आपोआप लागेल. महिपतरावांकडे बघतच त्याने तिसरा ठराव मांडला होता. टाळ्याही पडल्या. चहा आलेला होता म्हणून पडल्या असं कल्पिताचं मत, पण ती जरा कडवटच बोलते.

मीटररूममध्ये एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. प्रफुल्लने तो घरी आणला, झटकला आणि त्यावर लिनक्स हे मुक्त सॉफ्टवेअर चढवलं. चढवलं असं लिहायला एक ओळ लागते, चढवायला चार रविवार लागले. घोडबंदर रोडच्या ऑफिसात आठवडाभर कंपन्यांची बंद सॉफ्टवेअरं चालवून त्याचा जीव विटलेला असायचा, त्यामुळे रविवारी तो या यंत्रापुढे पूजेला बसल्यासारखा बसायचा. कोळंबी यंत्राच्या गरम पाठीवर झोपायची. तिच्या केसांनी पंखा दोनदा अडकला. दोन्ही वेळा प्रफुल्लने पंखा साफ केला, मांजर हलवली नाही.

सगळं चालू झालं, तर महिपतरावांनी विचारलं, "ठीक आहे, पण कागद कुठे आहे?"

"कागद कशाला? सगळ्यांना फोनवर दिसतंय की."

"फोनवर शिक्का कसा मारणार? प्रत्येक तक्रारीची प्रिंट, त्यावर सोसायटीचा गोल शिक्का, माझी सही, आणि फाइल. नाहीतर ऑडिटर विचारेल."

म्हणजे कागद वाचवायला काढलेल्या योजनेला आता प्रिंटर लागला. आणि सोसायटीचा प्रिंटर लिनक्सला ओळख दाखवेना. तीन आठवडे प्रफुल्ल त्या प्रिंटरची मनधरणी करत होता. शेजारी येऊन सल्ले देऊन गेले. कुणी म्हणालं वायर उलटी लाव, कुणी म्हणालं बंद करून चालू कर, आणि तिसऱ्या मजल्यावरची दक्षता म्हणाली, "तू सरळ दुसरं टाक ना रे, ते सगळे वापरतात ते." प्रफुल्ल तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. शेवटी प्रिंटर चालला, फक्त प्रत्येक तक्रार दोनदा छापायचा. महिपतराव खूश झाले, ऑफिस कॉपी आपोआप मिळाली.

आणि मग कुणी वापरेना. पंधरा दिवसांत एक तक्रार आली, ती प्रफुल्लची, टाकीची. त्याला ते फार लागलं. तो दारोदार फिरला. तळमजल्यावर सगुणाकाकू राहतात. त्याच्या लांबच्या काकू, आणि ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच सासऱ्यांच्या शेतावर, त्यामुळे कंपाउंडमध्ये सुकट वाळत घालायला त्यांना कुणी अडवत नाही. त्या म्हणाल्या, "प्रफुल्ला, मना लिवता येत नाय. चित्र टाक कायतरी. चित्र दाबीन न बोलीन."

कल्पना उत्तम होती. प्रफुल्लने एका रात्रीत नव्हे, चांगला विचार करून चार मोठी चित्रं टाकायची ठरवली. चित्र दाबायचं आणि बोलायचं, बोललेलं आपोआप लिहिलं जायचं. पहिलं चित्र नळाचं, दुसरं लिफ्टचं, तिसरं कचऱ्याच्या डब्याचं. ही तीन त्याने स्वतः मोबाइलवर काढली. चौथं हवं होतं 'इतर'साठी. आता 'इतर'चं चित्र कसं काढणार? इंटरनेटवर हजार सापडली, पण कुणाची ना कुणाची मालकी. दुसऱ्याची मालकी असलेलं चित्र न विचारता उचलणं प्रफुल्लच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसरा कुणीही असता तर एक ठिपका काढून मोकळा झाला असता. प्रफुल्लने आपल्याकडची खात्रीने मुक्त असलेली एकमेव चांगली प्रतिमा तिथे लावली. कोळंबीचा फोटो. खाली लहान अक्षरात 'इतर' असं लिहिलं. बऱ्याच फोनवर ते अक्षर कडेला गेल्यामुळे दिसायचंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा पूर आला. नाव कळत नाही आणि नुसतं बोलायचं, मग काय. दोन वाजता ड्रिल चालवणारे, जिन्यात थुंकणारे, पार्किंगची पांढरी रेघ ओलांडणारे, दारात चपला पसरणारे, कुंड्यांचं पाणी खाली सोडणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. पाणी नाही, लिफ्ट नाही, कचरा नाही, म्हणजे दाबा मांजर. लोकांनी वीस वर्षांचा राग ओतला. प्रफुल्ल ऑफिसात बसून आकडा वाढताना बघायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. लोकशाही आपल्या कंपाउंडमध्ये आली असं त्याने कल्पिताला फोन करून सांगितलं. ती कल्याणच्या शाळेत पेपर तपासत होती. ती म्हणाली, "येताना कोथिंबीर आण."

तीन महिन्यांनी पहिला अहवाल आपोआप निघाला आणि सगळ्यांच्या फोनवर गेला. पाणी, एकेचाळीस. लिफ्ट, सव्वीस. कचरा, एकोणीस. आणि त्यापुढे कोळंबीचा फोटो, एकशे चौऱ्याऐंशी. तिसऱ्या ठरावाप्रमाणे खाली नोटीसही छापून आली, दोनदा: सदर उपद्रवाबाबत पंधरा दिवसांनी विशेष सभा. महिपतरावांनी तिच्यावर गोल शिक्का मारला आणि स्वतःच्या हाताने पुढचं वाक्य जोडलं. सदर मांजर सोसायटीच्या हद्दीबाहेर नेण्यात यावी.

प्रफुल्लने नोटीस लिफ्टमध्ये वाचली. बावीस सेकंदांत तीनदा वाचली.

"अहो, ते मांजर नाहीये," तो महिपतरावांच्या दारात म्हणाला. "ते इतर आहे."

"फोटो तर मांजराचा आहे."

"तक्रारी वाचा ना एकेक. ड्रिल आहे, पार्किंग आहे. मांजरीच्या फक्त सात आहेत, मी मोजल्यात. चार सुकटीच्या, दोन तुमच्या स्कूटरच्या सीटच्या आणि एक दक्षताच्या कपाटाची. त्या मला मान्य आहेत."

"प्रफुल्ल, शंभराच्या वर गेलं की सभा, हा ठराव कुणाचा?"

"माझा."

"मग?" महिपतरावांनी दार लावलं. हळूच लावलं, माणूस सभ्य आहे.

घरी कल्पिता वाट बघत होती. "तूच केलंयस ना ते? मग तूच पूस. ती एकशे सत्त्याहत्तर काढून टाक आणि मोकळा हो."

"पुसता येत नाही."

"तुला पण नाही?"

प्रफुल्लला येत होतं. यंत्र त्याच्याच घरात होतं, खिळे काढावेत तशा नोंदी काढता आल्या असत्या. कुणाला कळलंही नसतं. पण मग पानं फाडणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला, या प्रश्नापाशी तो अडला तो अडलाच. जेवणही नीट गेलं नाही.

"नाहीतर तिला शहाडला दादाकडे ठेवावं लागेल," कल्पिता म्हणाली. "त्याचे दोन कुत्रे आहेत." आणि ती उठून आत गेली, कारण तिला पुढे बोलवेना.

मग प्रफुल्लला एक सनदशीर मार्ग सुचला. पुसायचं नाही, दुरुस्ती जोडायची. प्रत्येक नोंदीखाली खुलासा लिहायचा: ही तक्रार मांजरीबद्दल नसून ड्रिलबद्दल आहे. ही मांजरीबद्दल नसून थुंकण्याबद्दल आहे. शनिवार-रविवार बसून त्याने एकशे सत्त्याहत्तर खुलासे लिहिले. मनगट सुजलं. सोमवारी त्याला दिसलं की मांजरीच्या चित्राखाली लिहिलेलं काहीही यंत्र तक्रार म्हणूनच मोजतं. हा नियमही त्याचाच. आकडा तीनशे एकसष्टवर गेला होता. प्रिंटरने सगळे खुलासे दोनदा छापले आणि महिपतरावांना नवी फाइल घ्यावी लागली.

उरला एकच उपाय. लोकांनी सभेत उठून सांगायचं की माझी तक्रार मांजरीची नव्हती. प्रफुल्ल पुन्हा दारोदार फिरला. कुंड्यांच्या पाण्याबद्दलच्या सगुणाकाकूंच्या तीस-बत्तीस तक्रारी त्याने भाषेवरून लगेच ओळखल्या होत्या, ओळखायच्या नव्हत्या तरी.

"काकू, तुम्ही फक्त उठून सांगा, की तुम्ही पाण्याचं बोललात."

"कशी सांगू? वरून पानी परतं त्या दक्षताचे कुंड्यांचा. मी बोल्ले तर ती ऐकंल न. मंग ती माझेशी बोलायची नाय. रोज सकाली मना दूध ती आनून देते." काकूंनी सुपातली सुकट वरखाली केली. "तुझे मांजरीची सुकटीची एक पन तक्रार मी नाय केली हा. खाते तर खाते."

प्रत्येक दारात हेच. दक्षताला चपलांचं सांगायचं नव्हतं, कारण चपला शेजारच्या मावशींच्या. मावशींना ड्रिलचं सांगायचं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की मांजर निर्दोष आहे, आणि सगळ्यांनी गुप्तता जपली. प्रफुल्लने ज्या गुप्ततेसाठी चार रविवार घातले होते तिच्यात एवढीशीही फट नव्हती. उत्तम काम झालं होतं. त्याला रडू येत होतं.

सभेच्या दिवशी सत्तावीस माणसं आली, एवढी गणपतीच्या मीटिंगलाही येत नाहीत. महिपतरावांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण बसला होता. सुशांत त्याचं नाव, एका अ‍ॅप कंपनीकडून आलेला. महिपतराव म्हणाले, "मांजरीचा विषय घेण्याआधी यांचं ऐकून घेऊ. तक्रारींची ही जी काही अवस्था झाली आहे, तिच्यावर हे उपाय सांगतील."

प्रफुल्लच्या अंगाचा तिळपापड झाला. बंद सॉफ्टवेअर, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत. तो जागेवरून उठला. कल्पिताने त्याचा शर्ट धरला, पण तो उठलाच.

"याचं आतलं काम आम्हाला बघता येतं का?"

"नाही सर," सुशांत हसून म्हणाला. "ते कंपनीकडे."

"तक्रार सगळ्या मेंबरांना दिसते?"

"नाही सर, फक्त सेक्रेटरी सरांना. आणि चोवीस तासांत ती आपोआप निकाली निघते. एकदम क्लीन."

"कुणी काही न करता?"

"हो सर. ऑटोमॅटिक."

सभेत हशा पिकला. प्रफुल्लला वाटलं आपण जिंकलो. एवढा उघडा-नागडा धंदा आता सगळ्यांना दिसला. शेवटचा घाव म्हणून त्याने विचारलं, "आणि आमच्या जुन्या नोंदी? इतक्या लोकांनी मनापासून केलेल्या? त्यांचं काय होणार?"

"जुनं काही येत नाही सर. आपण झीरोपासून सुरू करतो. आधीचं सगळं बाद."

प्रफुल्लने पुढच्या मुद्द्यासाठी पान उलटलं. त्याच्या वहीत मुद्दे होते, एकूण चौतीस, आणि त्यातले चारच झाले होते. त्याने कल्पिताकडे पाहिलं. कल्पिता त्याच्याकडे बघत नव्हती, ती मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याने तिला असं बसलेलं फक्त दवाखान्यात पाहिलं होतं.

"काही अजून विचारायचंय का?" महिपतराव म्हणाले.

"नाही," प्रफुल्ल म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "हे अ‍ॅप सोसायटीने आजपासून घ्यावं, असा मी ठराव मांडतो."

महिपतरावांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "तू मांडतोस?"

"मी मांडतो. लिहून घ्या."

अनुमोदन सगुणाकाकूंनी दिलं. अ‍ॅप म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण प्रफुल्लचा चेहरा त्यांना वाचता येत होता. ठराव एकमताने मंजूर झाला. महिपतरावांनी दुसरा विषय पुकारला, मांजर, आणि फाइल उघडली. मग त्यांनीच ती मिटली. चाळीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस, बाद झालेल्या कागदावर कारवाई करणं त्यांच्या हाताला जमेना. "या विषयात सध्या एकही तक्रार नोंदलेली नाही," ते म्हणाले, "सबब विषय निकाली." आणि त्यांनी शिक्का मारला. जाताना त्यांनी प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते प्रफुल्लला शिव्यांपेक्षा जड गेलं.

घरी आल्यावर सोपस्कार बाकी होता. पाळीव जनावर असेल तर अ‍ॅपवर त्याची नोंद करायची, फोटोसकट, आजच्या आज. अ‍ॅप फोनवर घ्यायला सोसायटीतल्या बाकी घरांना मिनिट लागलं. प्रफुल्लने आपल्या फोनमधून कंपन्यांचं सगळं वेचून काढून टाकलेलं होतं, ते त्याला एकेक करून परत आणावं लागलं. संध्याकाळ त्यातच गेली. कल्पिताने दोनदा चहा केला आणि एकदाही टोमणा मारला नाही.

मग अटी आल्या. एकोणीस पानं. कोळंबी येऊन त्याच्या मांडीवर बसली, दोन गोल फिरली, आणि आकडा करून झोपली. प्रफुल्ल वाचायला लागला. गावदेवी दर्शनमध्ये त्या अटी दुसऱ्या कुणी वाचल्या नसतील, ठाकुर्लीत कुणी वाचल्या नसतील, कदाचित ज्यांनी लिहिल्या त्यांनीही वाचल्या नसतील. त्याने वाचलं की कंपनी त्याचे कॉन्टॅक्ट बघणार. तो कुठे जातो ते बघणार. त्याने वाचलं की ही माहिती कंपनी ज्यांना देईल त्यांची नावं सांगायला कंपनी बांधील नाही. सोळाव्या पानावर त्याने वाचलं की अ‍ॅपवर चढवलेल्या प्रत्येक छायाचित्राचे, पाळीव प्राण्याच्या छायाचित्रासह, सर्व हक्क कंपनीकडे कायमचे राहतील.

"झालं का?" कल्पिताने आतून विचारलं.

"तीन पानं राहिलीत."

"अरे, कुणी वाचत नाही ते. दाब आणि ये जेवायला."

"वाचू दे," प्रफुल्ल म्हणाला. ती दारात येऊन उभी राहिली. त्याने उरलेली तीन पानं वाचली, एक ओळ नीट कळली नाही ती परत वाचली. मग मांडीवरची मांजर जागी होऊ नये म्हणून डाव्या हाताने त्याने 'मान्य आहे' दाबलं.